खंडेनवमीला धुतलेली दगडी पाती

विष्णुपुरी धरणाखालच्या गारगोट्या आणून, त्या ठोकून अश्मयुगातल्या माणसांसारखी पातळ, धारदार पाती काढायचा मला छंद आहे. चार वर्षांत सव्वादोनशे गारगोट्या फोडल्या, तेव्हा एकोणीस धड पाती निघाली. सर्वांत लांब पातं अकरा सेंटीमीटरचं होतं आणि उजेडापुढं धरलं की त्यातून बोट दिसायचं.

घरात या छंदाला ‘खडीकाम’ म्हणतात. पण गेल्या खंडेनवमीला बायकोनं विळी, कुऱ्हाडीबरोबर माझी पातीही पूजेला घेतली. मला न सांगता सगळी एकाच बादलीत टाकून तिनं खळखळ धुतली. मी पाहिलं तेव्हा लांब पात्याचे तीन तुकडे हळदकुंकू लावून ताटात ठेवलेले होते.

“अहो, दगड धुतल्यानं फुटतोय व्हय?” ती घाबरून म्हणाली.

“अडाणी बाई, तुला काय कळतंय!” मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडलो.

यंदा मीच एक नवं पातं पूजेत नेऊन ठेवलं. तिनं विळीला, कुऱ्हाडीला, अगदी कात्रीलाही कुंकू लावलं आणि करंडा माझ्याकडं सरकवला.

“तुमच्या दगडाला तुमचं तुम्हीच लावा. मला न्हाई कळत त्यातलं.”