मामेकुळ : लिन

लग्नाच्या बायोडाटात ‘मामेकुळ’ अशी एक ओळ असते. मुलीच्या आईचं माहेर कुठल्या आडनावाचं, ते तिथं लिहायचं. माझ्या वहिनीचं माहेर लिन. झाशीच्या सदर बाजारात बूट शिवणाऱ्या लिनांची ही मुलगी, नाव मेई. रघुनाथदादाशी लग्न झालं तेव्हा आईने तांदळात तिचं नाव लिहिलं, सिंधू. आडनाव गेलं, नावही गेलं, आणि आम्ही म्हणालो, किती छान रुळली हो!

तिचे वडील आसामातले. बासष्टच्या युद्धात चिनी वंशाचे म्हणून सरकारने घरातून उचलले आणि राजस्थानात देवळीच्या छावणीत तीन वर्षं ठेवले. सुटल्यावर ते इथं आले आणि जन्मभर बबीनाच्या फौजी साहेबांचे बूट शिवले.

वहिनीची लेक, माझी भाची शलाका, तिचा बायोडाटा लिहायला मी बसले तेव्हा वहिनी म्हणाली, "लीलावन्सं, मामेकुळात लिन लिहा. बाबांचं तेवढंच उरलंय."

मग तिने आडनावाची गोष्ट सांगितली. राजाने एका भल्या माणसाला मारलं, त्याची गरोदर बायको रानात पळाली, तिथं मुलगा झाला. त्याचं आडनाव लिन, म्हणजे रान. पुढे त्याच आडनावाची एक मुलगी दर्यावर्द्यांची देवी झाली, आणि एका लिन अंमलदाराने इंग्रजांची अफू चुन्यात घालून संपवली.

"आणि आम्ही भाटवडेकर!" मी म्हटलं. "भाटवड्यात आम्हाला कुत्रं विचारत नाही." दोघी पोट धरून हसलो. मी लिन लिहिलं.

तीन ठिकाणांहून नकार आला. एकाने तर फोनवर विचारलं, मुलीचे डोळे कसे आहेत? अरे मेल्या, तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं तिला त्यांतून! पण चौथ्या वेळी माझाच धीर सुटला. लिन खोडून मी दामले ठोकलं. वहिनीला सांगितलं नाही.

ग्वाल्हेरचे लोक बघायला आले. मुलाची आत्या नेमकी दामल्यांकडे दिलेली. आपल्या लोकांचा प्रश्न ठरलेलाच, "कुठले दामले हो?"

वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थांबली. घरात सदा हिंदी बोलणारी शलाका चक्क मराठीत म्हणाली, "रत्नागिरीचे. आता तिकडे कोणी नाही."

आत्याबाई वहिनीचा चेहरा निरखत होत्या.

"आजी नेपाळची होती," शलाका म्हणाली.

पोटची पोर! वहिनीने एकेक बशी नीट समोर ठेवली. लग्न ठरलं.

मंडळी गेल्यावर ती मला म्हणाली, "वन्सं, शलाकाला बोहल्यावर कोण आणणार? मामाने आणायचं असतं ना?"

तिचा एकच भाऊ, मुकेश लिन. शलाका पाळण्यात होती तेव्हापासून ‘हिला मांडवात मीच नेणार’ म्हणणारा.

"आमचे हे उभे राहतील," मी म्हटलं. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा लग्न मोडायची धास्तीच जास्त.

"आणि मुकेशला कोण सांगेल?"

मी बशा गोळा करायला लागले. तिने चपला घातल्या आणि एकटीच त्याच्याकडे गेली. परत आल्यावर शलाकाच्या साड्यांची यादी करायला बसली. मुकेश काय म्हणाला, ते मी विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार?

मुहूर्तावर माझे यजमान, श्यामसुंदर, शलाकाला हात धरून घेऊन आले. आत्याबाई वहिनीकडे वाकून कौतुकाने म्हणाल्या, "हे तुमचे सख्खे भाऊ का?"

मी बाजूलाच अक्षता घेऊन उभी होते. आता तरी ही खरं बोलेल, सगळा मांडव डोक्यावर घेईल, असं वाटलं. खरं सांगू? घ्यावा असंच वाटलं.

"हो," वहिनी म्हणाली. "मला तेवढा एकच."