सुधाकाकूंची सुट्टी

सुधाकाकू अमेरिकेत यायच्या त्या मुलाकडे नव्हे, ड्यूटीवर. हा शब्द त्यांचाच. प्लेनो शहरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या आवारात रोज सकाळी त्या नातवाची बाबागाडी ढकलत फेऱ्या मारायच्या आणि त्या दहा महिन्यांच्या जिवाला दिशा शिकवायच्या. "ही नैर्ऋत्य बरं का, पिल्लू." नागपूरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला, सवय सुटता सुटत नव्हती.

सहा महिने सुधाकाकू, पुढचे सहा महिने सुनेची आई, अशा पाळ्या लागलेल्या. आमच्यापैकी बहुतेक घरांत हेच चालायचं. आमच्या नोकऱ्या आईबापांच्या व्हिसावर उभ्या होत्या आणि त्याचं आम्हाला काही वाटतही नव्हतं. "काकू, दमलात का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरली आहे!" बोलताना डोळे मात्र मिटत असायचे.

मागणी एकच होती. "तीस वर्षं फळ्यावर टुंड्रा काढला गं. एकदा तिथलं खरं अस्वल पाहू दे. पिंजऱ्यातलं नको." त्यांचा मुलगा निखिल दर खेपेला हो म्हणायचा. पहिल्या खेपेला त्याची नोकरी गेली, दुसऱ्या खेपेला हा नातू झाला. तिसऱ्या खेपेला, दोन हजार सातच्या सप्टेंबरात, त्याने दोघांची अलास्काची तिकिटं काढली आणि आठवडाभर आधी म्हणाला, "आई, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे गं. कॅन्सल करावं लागेल."

"कर," काकू म्हणाल्या आणि दुधाच्या बाटल्या उकळायला लागल्या.

मी शेजारची, तिथेच चहा पीत बसले होते. माझ्याही आईला मी तीन वर्षं "पुढच्या वर्षी नक्की" सांगत होते, म्हणून असेल, पण माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "निखिल, तुझ्या तिकिटाचं बघ काय ते. काकूंबरोबर मी जाते. तुम्ही दोघं चार दिवस वर्क फ्रॉम होम करा."

चार दिवसांतले तीन धुक्याने खाल्ले. फेअरबँक्सच्या विमानतळावर आम्ही रोज सकाळी जायचो आणि छोटं विमान उडणार नाही हे ऐकून परत यायचो. काकूंचे गुडघे सुजले. चौथ्या दिवशी उडालो. उत्तरेच्या समुद्रातल्या बेटावरचं गाव. तिथले लोक देवमासे मारतात आणि त्यांचे सांगाडे गावाबाहेर टाकतात. त्यासाठी अस्वलं येतात. परतीच्या विमानापर्यंत तीन तास होते. गावातल्या एका बाईंनी आम्हाला जुन्या व्हॅनमध्ये बसवलं. अडीच तास नुसती हाडं आणि करडा समुद्र.

मग ती आली. अंगाला चिखल आणि देवमाशाचं तेल माखलेलं, मागे दोन पिल्लं. काकू काचेला नाक लावून म्हणाल्या, "अगं बाई, ही तर पिवळी! तीस वर्षं पोरांना पांढरंशुभ्र सांगत राहिले."

अस्वलीण चालत चालत मध्येच चिखलात आडवी झाली. पिल्लं तिचे कान ओढू लागली, पाठीवर चढून घसरू लागली. तिने डोळे मिटून घेतले.

"पाहून राहिली ना तू?" काकू कुजबुजल्या. "ती उठतच नाहीये."

फोटो काढू का म्हटलं तर हातानेच नको म्हणाल्या. विमानाची वेळ होईपर्यंत अस्वलीण तशीच पडून होती आणि काकू तिच्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी फेअरबँक्सला उतरलो तर माझ्या फोनवर निखिल. पुढची पाळी असलेल्या त्याच्या सासूबाईंचा पाय मोडला होता. मी फोन काकूंना दिला. "आई, व्हिसाचं सहा महिने एक्स्टेन्शन घेशील का? फॉर्म मी भरतो." आजवर काकूंनी कशालाच नाही म्हटलं नव्हतं. फोनमधून बाळाचं रडणं मलाही ऐकू येत होतं.

"नाही रे, निखिल. मी दमले. मला घरी जायचंय."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता रडतील. पण त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढं सोपं होतं होय?"