रिकामी असली तरी वेळेवर

एसटीच्या आगारात तिला सगळे कंट्रोलरबाई म्हणतात. अकरा वर्षांत तिची एकही गाडी उशिरा सुटलेली नाही. कुणी मिनिटभर उशिरा कामावर आला, तरी वहीत नोंद होते. ड्रायव्हर चहाचा कप तोंडाला लावतो, तेवढ्यात ही शिट्टी फुंकते. एकदा पहाटेच्या फेरीला एकही प्रवासी नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, नेऊ कुणाला?"

"वेळापत्रकाला."

या बाईचं सिझर झालं, मुलगी झाली. सिस्टरने गोळ्यांची पट्टी हातात दिली. "दुखो न दुखो, दर सहा तासांनी एक. अंगावर पाजताना चालतात."

सिस्टरची पाठ वळताच पट्टी उशीखाली गेली. "दुखत नाही तर उगाच कशाला? खरं दुखेल तेव्हा बघू." शेजारी बसलेल्या तिच्या आईने कौतुकाने मान डोलावली. सोसणं हा त्यांच्या घराण्याचा दागिना. पिढ्यान्‌पिढ्या आलेला, कुणी न मोडलेला.

खरं दुखणं दुपारी आलं, तेही सहकुटुंब. नेमकी तेव्हाच दोन हातांवरच्या पाळण्यात मुलगी रडू लागली. बाई उठायला गेली ती अर्ध्यावरच अडकली. ना बसलेली, ना निजलेली. "असू दे गं, मी आहे ना," म्हणत आईने बाळ उचललं. त्या पाळण्यातून पोरीला आजीने उचललं होतं, बापाने उचललं होतं, शेजारच्या खाटेला भेटायला आलेल्या अनोळखी काकूंनीसुद्धा. राहिली होती एकटी पोरीची आई. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते टाक्यांच्या नावावर खपवलं.

उशी नीट करताना सिस्टरला खाली पट्टी सापडली. अख्खी! मग केसपेपर पाहिला. "कंट्रोलर ना तुम्ही? स्टँडवर लोकांनी दंगा केल्यावर गाडी सोडता?"

"छे! वेळ झाली की सोडायची. रिकामी असली तरी—" बाई मध्येच थांबली.

"अहो, पण सोसायची सवय हवी ना बाईमाणसाला," आई म्हणाली.

"आजी, पोरगी मोठी होईपर्यंत सोसायचंच आहे. आज गोळी घेऊ द्या."

बाईने कागद मागितला. सहा, बारा, सहा, बारा. वेळापत्रक चिकटपट्टीने भिंतीवर लागलं. पाण्याचा पेला आणायला आईची नेमणूक झाली.

"आई, पाच मिनिटं लेट."

"अगं, पेला विसळत होते!"

"कारण लेखी दे."

दुसऱ्या दिवशी बाराची गोळी वेळेवर सुटली. तासाभराने मुलगी रडली. आई उठणार, तोच हुकूम आला, "तू बस." बाई कुशीवर वळली, कोपरावर रेलली, पाय खाली सोडले, टाक्यांवर हात धरून उभी राहिली. दोन हातांच्या प्रवासाला तीन मिनिटं लागली. तिने मुलीला उचललं.

"केवढा उशीर! रडून लाल झाली पोर," आई म्हणाली.

कंट्रोलरबाईने अकरा वर्षांत पहिल्यांदाच उशीर नोंदवला नाही.