आधी लिही, मग दाब

सर सोमवारी दुपारी वारले. मी ऑफिसात होते. फोन त्यांच्या भावाचा होता. फोन ठेवल्यावर मी खणातली जुनी वही उघडली आणि मिटली.

गारखेड्यातल्या आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम मी त्यांच्याकडून शिकले. प्रत्येकाला ते एक वही द्यायचे. पानावर दोन रकाने: काय व्हायला पाहिजे, आणि काय झालं. पहिला रकाना भरल्याशिवाय बटनाला हात लावायचा नाही. "आधी लिही, मग दाब. एकदा बघितलं की डोळा कशालाही हो म्हणतो."

तुम्हीही असा माणूस कुठे ना कुठे पाहिला असेल. चहावाल्याने बिनसाखरेचा म्हणून दिलेला चहाही ते एक घोट घेऊन खात्री झाल्यावरच पुढे पीत. एकच बटन चार-चारदा दाबत. मी हसले तर म्हणाले, "आमचे अब्बा लिफ्टचं बटन असंच दाबतात, बेटा. ॲप काय फक्त तुझ्यासारख्या शहाण्यांसाठी बनवायचं व्हय?"

स्क्रीनवर 'नोंद झाली' असं आलं की त्यांचा संशय वाढायचा. "ती तर म्हणणारच. ॲपातून बाहेर पड, दुसऱ्याच्या नावानं आत जा, नोंद खरंच हाय का बघ."

तीन वर्षं ते माझं प्रत्येक पान वाचून मगच सही करत. एका रुग्णालयाच्या डायलिसिसच्या वेळापत्रकाचं काम संपत आलं, तेव्हा त्यांनी पान न वाचता सही केली. "तुझं आता बघायची गरज नाय," म्हणाले. एवढं कौतुक मला त्यांच्याकडून कधी मिळालं नव्हतं.

त्याच पानावर रुग्णाची तारीख बदलण्याची तपासणी होती. मी आधी बटन दाबलं. 'बदल झाला' असं आलं. मग मी पहिल्या रकान्यात लिहिलं, बदल झाला पाहिजे. दुसऱ्यात लिहिलं, झाला. बाहेर पडून यादी पाहिली नाही. जेवायची वेळ झाली होती.

जुनी तारीख पुसली जात होती आणि नवी नोंदलीच जात नव्हती. फर्दापूरहून एक म्हातारे गृहस्थ त्यांना दिलेल्या नव्या तारखेला आले. यादीत नाव नाही म्हणून त्यांना परवा या असं सांगितलं गेलं. त्यांचा परवा आला नाही.

ऑफिसात विचारणा झाली. तपासलं कोणी, असं साहेबांनी विचारलं. मी सरांच्या शेजारी बसले होते. सर म्हणाले, "सही माझी हाय." मी समोरची वही मिटली. महिनाअखेरीस त्यांनी नोकरी सोडली. माझ्या वह्या टेबलावर ठेवून गेले.

नंतर एकदा मी गुलमंडीला त्यांच्या भावाच्या कापडाच्या दुकानात गेले. सर गिऱ्हाइकासमोर ठाण उलगडत होते. उलट बाजूने बोट फिरवून त्यांनी एक बारीक भोक शोधलं आणि न विचारता दाखवलं. भावाने कपाळाला हात लावला. गिऱ्हाईक दुसरं ठाण घेऊन गेलं.

मग आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "निघायच्या आधी ते पान वाचलं. दोन्ही रकाने एका दमात लिहिलेत तू."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"न वाचता सही मीच केली ना. माझं मी बोललो. तुझं तू ऑफिसात बोल. मला सांगून काय व्हणार?"

उद्या बोलते, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. भावाने आत हाक मारली तसे उठले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

आता नव्या मुलांना मी शिकवते. त्यांनाही वह्या देते, तेच वाक्य सांगते. त्यांची पानं वाचून सही करते.

ती वही माझ्या खणात आहे. पानावर अक्षर माझं आहे, खाली सही त्यांची. ऑफिसात मी अजून बोललेले नाही.