भाऊजींच्या खोक्याची मागची फळी

शनिवार, ११ फेब्रुवारी २०१२, संध्याकाळ. स्थळ: करंजा बंदराजवळ एका नाखवाच्या घरापुढे घातलेला हळदीचा मांडव. हजर: माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, ते ज्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात ते अण्णा, नवरीचे वडील नाखवा, हळदीचे धवले, म्हणजे विधीची गाणी, गायला आलेल्या आजी, आणि भाऊजींचं सामान मावेल अशी व्हॅन फक्त आमच्याकडे असल्यामुळे मी. गैरहजर: आमचे हे. सांगितलेलं कारण पाठदुखी, खरं कारण भाऊजी.

आमच्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू जशी होती तशी राहू दिलेली नाही. देवाने जग सहा-सात दिवसांत उरकलं असेल, पण आठव्या दिवशी भाऊजी स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याच्या दारात उभे राहिले असणार. "थोडं उघडून बघू का?" हे त्यांचं आवडतं वाक्य. सरकारी कचेरीत दिवसभर ते फायली बंद करतात आणि संध्याकाळी पनवेलच्या आमच्या घरी येऊन उरलेलं सगळं उघडतात. हे सगळं बास गिटारपायी. बास म्हणजे जाड चार तारांची, खालच्या सुरांची गिटार. ऑर्केस्ट्रात ती वाजत असते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि वाजवणारा तर फोटोतसुद्धा ढोलकीवाल्याच्या मागे येतो. अशा वाद्यासाठी माणसाने आयुष्य वाहावं हे मला कधी पटलं नाही. पण घरातल्या न पटणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे आणि तिच्यात भाऊजींचा नंबर पहिला नाही.

ही गिटारही त्यांनी स्वतः केलेली. करंज्याला मोडीत निघालेल्या होडीची सागाची फळी त्यांनी एसटीतून मांडीवर आणली. फळी निवडायची त्यांची पद्धत म्हणजे टिचकी. लाकूड दिसलं की भाऊजी टिचकी मारून कान लावतात. एकदा आम्ही दुखवट्याच्या भेटीला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले, आणि भाऊजी गेलेल्या माणसाच्या शिसवी पलंगाला टिचक्या मारतायत. मी डोळे वटारले तर हळूच म्हणाले, "वहिनी, काय बोलतोय बघा!" घरातल्या मंडळींना वाटलं, ते गेलेल्यांविषयीच बोलतायत. त्यांना पुन्हा रडू फुटलं.

बासच्या तारा महाग. जुन्या झाल्या की त्यांचा आवाज बसतो, आणि सोडा घालून उकळल्या की तो थोडे दिवस परत येतो. हे कुठलं शास्त्र मला माहीत नाही, पण त्याची प्रयोगशाळा म्हणजे माझं वरणाचं पातेलं. भाऊजींना बघायला मुलीकडचे आले त्या दिवशीही गॅसवर तारा रटरटत होत्या. मुलीचे वडील कौतुकाने म्हणाले, "काय बेत आहे आज?" भाऊजींनी झाकण काढलं, चिमट्याने एक तार वर उचलली आणि मनापासून समजावून सांगितलं. पाहुण्यांनी पोह्यांना हात लावला नाही आणि नंतर फोनही केला नाही. भाऊजींना वाईट वाटलं, पण तारांचा आवाज चांगला आला होता, त्यामुळे फार नाही.

तारांचा आवाज टिपणारं जे वेटोळं गिटारीत असतं, त्याला पिकअप म्हणतात. ते त्यांनी माझ्या शिलाई मशीनवर गुंडाळलं. केसाहून बारीक तांब्याची तार मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली. ती गुंडाळत असताना घरात कुणी शिंकायचं नाही, दार आपटायचं नाही, पंखा लावायचा नाही. आम्ही सगळे श्वास रोखून भिंतीला टेकलेलो. वेटोळं भरत आलं आणि माझ्या कुकरने शिट्टी दिली. भाऊजी दचकले, तार तुटली. ते रागावले नाहीत. फक्त कुकरकडे बघून म्हणाले, "याची शिट्टी थोडी उतरवता येईल." त्या दिवसापासून आमचा कुकर हलक्या आवाजात बोलतो.

आवाज मोठा करायला मोडीत गेलेल्या गाडीच्या म्युझिक सिस्टिमचा अँप्लिफायर. तो चालायला ट्रकची बॅटरी, कारण तेव्हा पनवेलला लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता आणि भाऊजींच्या रियाजाला खंड चालत नाही. मांडववाल्याने टाकून दिलेला भला थोरला स्पीकर, त्याला प्लायवूडचं खोकं, आणि खोक्यात आवाज घुमू नये म्हणून आत कापूस. कापूस कुठून आला ते पाहुण्यांच्या पाठींना कळलं. त्या गादीवर झोपलेला माणूस दुसऱ्या रात्री राहत नाही. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, एक तयार अँप्लिफायर हप्त्याने घेऊन टाका ना." ते दुखावल्यासारखे बघत राहिले. "आणि मग मी काय करायचं, वहिनी?"

इतकं सगळं होऊनही खोक्याचा एक दोष जात नव्हता. घरी ठणठणीत, पण कार्यक्रमात नेलं की गुणगुणायचं. ऑर्केस्ट्राच्या मिक्सरला तार जोडली की पाठीमागे एक जाड, अखंड घूंऽऽऽ. भाऊजींनी गिटारीच्या पोटात माझा पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद चिकटवला, वायरी बदलल्या, अँप्लिफायरचा डबा बदलला. गुणगुण हटेना. शेवटी अण्णा आमच्या घरी आले. चहा घेताना माझ्याकडे बघत, पण भाऊजींना म्हणाले, "तू माणूस सोन्यासारखा रे. पण तुझं खोकं गायकाच्या आधी गातं. करंज्याला गुणगुण आली, तर पुढच्या सीझनपासून बास की-बोर्डवाल्याच्या डाव्या हातात. त्याचा डावा हात रिकामाच असतो." भाऊजी "बरं" म्हणाले आणि तो संपूर्ण आठवडा त्यांनी घरातलं काहीही उघडलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ऑर्केस्ट्रा सोडला तर या माणसाला शनिवार नव्हता.

उरणच्या रस्त्याने कंटेनरच्या मधून मी व्हॅन काढत होते. पायाशी बॅटरी, मानेमागे खोकं. प्रत्येक खड्ड्याला खोकं आतून "गुंग" म्हणायचं आणि भाऊजी म्हणायचे, "ऐकलंत?" मी यादी वाचून सामान उतरवून घेतलं, वायरी दिल्या, आणि पहिल्या रांगेच्या टोकाला बसले. मांडवात सगळा कोळीवाडा. खुर्च्या कमी पडलेल्या, बाया हिरव्या लुगड्यांत, मागे जनरेटरची गाडी धडधडत असलेली. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी डोळे मिटून कान दिले. ढोलकी, ऑक्टोपॅड, की-बोर्ड, आणि त्यांच्या खाली घूंऽऽऽ. डोळे उघडले तेव्हा अण्णा भाऊजींकडे बघत होते, आणि भाऊजी जमिनीकडे. की-बोर्डवाला डाव्या हाताची बोटं मोडत होता.

हळद लावायची वेळ झाली तसे नाखवा स्टेजसमोर आले. "अण्णा, आता बंद. आजी गानार. धवला चालू असला की मशीनचा आवाज नाय चालत आमच्यात." अण्णांनी माइक ठेवला. जनरेटरही बंद झाला. मांडवातले दिवे घरच्या लाइटवर होते, ते राहिले. स्टेज निम्मं अंधारलं. नवरीला पाटावर बसवलं होतं. शेजारी आजी बसल्या, वाळक्या बोंबलासारख्या बारीक, आणि त्यांनी धवला धरला. एकटा, उंच, किंचित थरथरणारा सूर. इतका वेळ कान किटले होते, त्यामुळे ती शांतता अंगावर आली.

आणि त्या शांततेत भाऊजींनी मान वर केली. फ्रिज अचानक बंद पडला की ते घरी करतात, तशी. जनरेटर थांबला होता आणि त्याच्याबरोबर गुणगुणही. भाऊजींचं खोकं बॅटरीवर, ते चालूच होतं, पण एकदम स्वच्छ. म्हणजे इतके दिवस गुणगुण त्यांची नव्हतीच. ती जनरेटरची, मिक्सरच्या तारेतून चढणारी. हे त्यांना कळलं तो क्षण मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला, आणि पुढे काय होणार तेही पाहिलं, पण मध्ये नवरीचा पाट आणि बायांचा घोळका होता. भाऊजींना राहवलं नाही. खात्री करून घ्यायला त्यांनी जाड तारेवर बोट ठेवलं आणि सोडलं.

सूर जमिनीतून आला. माझ्या खुर्चीचे पाय थरथरले. सगळा मांडव वळला.

"कोन रं त्यो?" नाखवा उठलेच. "मशीन बंद सांगितली ना?"

"बंदच हाय, नाखवा!" जनरेटरवाला मागून ओरडला.

"मंग वाजतंय काय?"

मी पर्स घट्ट धरून उभी राहिले. व्हॅनची किल्ली बोटात. गरज पडली तर भाऊजी आधी, खोकं नंतर, असा क्रम मनात लावला. तेवढ्यात अण्णा अंधारात धडपडत पुढे झाले आणि त्यांनी गिटारची वायर उपटली. सूर तुटला, आणि त्याच ठिकाणी आजींचा धवलाही तुटला.

धवला मध्ये मोडत नाहीत. मी परकी, तरी मला हे तिथल्या बायांच्या तोंडांवरून समजलं. हळदीची वाटी धरलेली बाई वाटी धरूनच राहिली. नवरीच्या आईने पदर तोंडाला लावला. नाखवा स्टेजची पायरी चढले. भाऊजी गिटार छातीशी धरून, मार खायच्या तयारीने, पण पळायचा विचारही न करता उभे.

"कोनी थांबवला त्याला?" आजींचा आवाज आला.

"आजी, तुमी गा," नाखवा म्हणाले. "याला आमी बगतो."

"तू काय बगतोस? मी इचारते, कोनी थांबवला?" आजींनी नवरीच्या खांद्यावर हात ठेवून मान वळवली. "माझी आय व्हती तवा माझ्या मागं सूर धरायची. ती गेली तवापासना मागं कोन नाय. आज कोनीतरी धरला, तर तुमी त्याला मारताय?" मग भाऊजींकडे बघून, "ए पोरा, लाव तुझा परत. पन हलू. माझ्या अंगावर नको चढू."

पन्नाशीकडे झुकलेल्या पोराला काही केल्या वायर लावता येईना. शेवटी अण्णांनीच ती लावून दिली, तोंड दुसरीकडे करून. भाऊजी घरी आमच्या फ्रिजच्या घुमण्यावर गिटार जुळवतात. इथे फ्रिज नव्हता. त्यांनी आजींकडे बघितलं. आजींनी नुसता "हं" भरला आणि भाऊजींनी खुंटी पिळत पिळत तार त्या "हं"च्या खाली आणून ठेवली. धवला पहिल्यापासून सुरू झाला. भाऊजींनी एकच सूर धरला, कधी दोन. त्याहून जास्त काही केलं नाही. सगळं काही उघडून बघणाऱ्या माणसाने त्या दिवशी एक गोष्ट जशी होती तशी राहू दिली. बायाही ओढून घेतल्यासारख्या आजींच्या मागे गायला लागल्या. हळद लागली. नाखवा पायरीवरच बसून राहिले, डोळे पुसायला लुंगीचं टोक शोधत.

नंतर जनरेटर लागला, गुणगुण परतली आणि उरलेला कार्यक्रम नेहमीसारखा झाला. निघताना अण्णांनी भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला. "छान केलंस. पण सीझनचं ठरलं ते ठरलं रे. माणूस कमी करायचाच होता." म्हणजे गुणगुण असती काय, नसती काय. भाऊजी "बरं" म्हणाले. येताना खड्ड्यांना खोकं बोलत होतं, पण भाऊजींनी एकदाही "ऐकलंत?" म्हटलं नाही. गव्हाण फाटा गेल्यावर मात्र म्हणाले, "वहिनी, आजींनी घरी बोलावलंय. लेकी शिकत नाहीत म्हणतात. त्यांचे सगळे धवले त्या गाणार, मी खाली सूर धरायचा, आणि टेप करून ठेवायचे."

पण आजी त्यानंतर नातवाकडे राहायला गेल्या, उलव्याला, नव्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. थोरलं खोकं जिन्याने चढत नाही, म्हणून भाऊजींनी एका हाताने उचलता येईल असं छोटं खोकं करायला घेतलं. ते माझ्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आहे. साग होडीचाच. कापूस या वेळी विकत आणला. खोक्याच्या तोंडाशी एक नळी असते. खालचा सूर नीट निघायला ती सुराच्या मापाची लागते. भाऊजी दर थोड्या दिवसांनी गिटार घेऊन उलव्याला जाऊन येतात, आजींचा "हं" घेतात, आणि परत येऊन खोक्याच्या मागच्या उघड्या बाजूने नळी पुन्हा बाहेर काढतात.

मी मागे एकदा वैतागून म्हटलं, "भाऊजी, झालंय ना आता? बसवून टाका मागची फळी. आजी काही तुमच्या खोक्यासाठी थांबायच्या नाहीत."

भाऊजी नळी पुसत होते. म्हणाले, "दर वेळी त्यांचा सूर थोडा खाली आलेला असतो, वहिनी. मग नळी लांब करावी लागते."

आता मी विचारत नाही. व्हॅनमध्ये मागची सीट काढून ठेवली आहे, पेट्रोल भरलेलं आहे, भाऊजींच्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या कोऱ्या कॅसेट डब्यात आहेत. मागच्या फळीचे स्क्रू मी वाटीत घालून बाल्कनीच्या कट्ट्यावर ठेवलेत, गंजू नयेत म्हणून थोडं गोडंतेल लावून. फळी बसवायची राहिली आहे.