सिस्टरांचं पार्सल

"थांब बाप्पा! पहिले कार्ड घेऊ!"

हे बोलताना सिस्टर समोरच्याचं मनगट धरायच्या. नाडी पाहायला धरतात ना, तसं. त्या हातात मोबाइल असायचा, आणि मोबाइलवर कुणीतरी कुकर नाहीतर पोराचे बूट विकत घ्यायच्या बेतात असायचं.

फुलसावंगीत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली, त्या निवृत्त झाल्या, तरी सिस्टरच राहिल्या. माझं औषधांचं दुकान स्टँडजवळ. कुरिअरची गाडी गल्लीबोळात शिरत नसे, म्हणून निम्म्या गावाची खोकी माझ्या काउंटरमागे उतरायची. सिस्टर रोज सकाळी येऊन त्या ढिगाकडे बघायच्या, बाळंतिणीकडे बघावं तशा कौतुकाने.

गुलाबी बोंडअळीचं ते वर्ष. बोंड फोडलं की आत अळी आणि किडका, पिवळा कापूस. दिवाळीनंतर वेचणीला बायांना बोलावणंच येईना. बाजारात उभं राहिलं तरी उदास वाटायचं. खोकल्याच्या औषधाची बाटली लोक दोन घरांत वाटून घ्यायचे. आणि त्या वर्षी आमच्या गल्लीत सगळ्यांत जोमात कोण होतं म्हणाल, तर साठी उलटलेल्या सिस्टर!

त्यांच्या मुलीने नागपूरहून नवा फोन पाठवला होता. त्यावर त्यांना गिफ्ट कार्डांचा शोध लागला. मला समजावताना त्यांचे डोळे असे चमकत, जणू लसच शोधून काढली आहे.

"हे पाहा भाऊ. तुमाले ज्या दुकानातून वस्तू घ्याची हाय, त्याच दुकानाचं कार्ड पहिले दुसऱ्या अॅपवरून घ्याचं. कार्ड घेतलं की थोडे पैसे वापस. मंग त्या कार्डानं वस्तू घ्याची. सेल असला तर वस्तूबी सस्ती. दोनी हातानं फायदा!"

"आणि कार्ड कुठं ठेवायचं?"

"कार्ड हातात कुठी येते! नंबर येते फकस्त."

"सिस्टर, दिसत नाही त्यात पैसे कायले घालता?"

"ताप तरी कुठं दिसते? थर्मामीटरवर विश्वास ठेवताच ना?"

महिन्याभरात माझी बायकोही कार्ड घेऊन चहाची पावडर मागवायला लागली. फोनवर टुंग वाजलं की सिस्टर टाळी द्यायच्या. परत आलेली रक्कम एका चहाएवढी असली तरी टाळी तेवढीच कडक.

खरा खेळ सुरू झाला तो पिको मशीनमुळे.

साडीच्या काठाला पिको करायचा तर गावातल्या बायांना उमरखेडला साडी पाठवावी लागे. सिस्टरांच्या शेजारी सलमाभाभी राहायच्या. त्यांचे मिस्टर रफीकभाई गाड्या दुरुस्त करायचे आणि भाभी घरी ब्लाऊज शिवायच्या. समोरची वनिता कापूस वेचायला जायची, पण त्या वर्षी घरीच बसली होती. या दोघींना सिस्टरांनी एकत्र बसवलं आणि सांगितलं, "लग्नसराई येऊन राह्यली. गावात मशीन असली तर साड्या उमरखेडले काहून जातीन?"

मशीन महाग होतं. सलमाभाभींनी शिलाईचे साठवलेले पैसे काढले. वनिताने सासूचं ऐकून न घेता आपली पाठ, अजून न व्यायलेली शेळी, विकली. तरी कमी पडत होते. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "सेल लागू द्या. पहिले कार्ड घेऊ."

सेलच्या दिवशी माझ्या दुकानात जत्रा भरली होती. स्टँडजवळच नेट नीट यायचं ना! सिस्टर स्टुलावर, दोघी दोन बाजूंना, मागे आणखी चार जणी. एकेक कार्ड घेतलं जात होतं, नंबर येत होता, टुंग वाजत होतं. शेवटच्या कार्डाचे पैसे गेले आणि नंबर काही येईना. स्क्रीनवर नुसतं चाक फिरत होतं. वनिताचा चेहरा पांढरा पडला. सिस्टरांनी तिचं मनगट धरलं. "श्वास घे. घाई करू नको. बाळंतपणात बाळ फसलं तर आपण ओढतो का?"

तेवढ्यात टुंग! दुकानात असा गलका झाला, की स्टँडवरचे लोक डोकावून गेले. मशीन मागवलं गेलं. जड खोकं थेट दारात यावं म्हणून सिस्टरांनी माझ्या दुकानाऐवजी घरचा पत्ता टाकला: सिस्टर, दवाखान्याजवळ, सावंगी. आम्ही गावाला बोलताना सावंगीच म्हणतो, तेच त्यांनी लिहिलं.

मग वाट पाहणं. खोकं नागपूरला आलं, यवतमाळला आलं. सिस्टर क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं गल्लीभर सांगायच्या. एके दिवशी फोनवर आलं, 'ग्राहक घरी नव्हते.'

"मी घरी नवती?" सिस्टर दुकानात येऊन गरजल्या. "मी उंबऱ्यावर बसून हाओ सकायपासून! संडासले गेली तरी सलमाले बसवून गेली!"

दुसऱ्या दिवशी आलं, 'पार्सल पोहोचलं.' दारात काहीच नाही. माझ्या काउंटरमागेही नाही.

वनिताची सासू ओट्यावर उभी राहून ओरडू लागली, की फोनमध्ये शेळी बुडवली. सलमाभाभी हळूच म्हणाल्या, "सिस्टर, पैसा गया क्या अपना?" सिस्टर दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. पदराने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि मग म्हणाल्या, "भाऊ, स्पीकर लावा."

कस्टमर केअरचा माणूस फार गोड बोलत होता. "मॅडम, आपका पार्सल डिलिव्हर हो चुका है."

"किसको हुआ?"

"आपको, मॅडम."

"अरे बेटा, जिसको हुआ वो मैं है, और मैं बोलती नहीं हुआ!"

दुकानातले लोक हसले, सिस्टर हसल्या नाहीत. तक्रार लिहून घेतो, पैसे कार्डात परत येतील, असं तो म्हणाला. पण पैसे येईपर्यंत सेल संपणार होता आणि लग्नसराईही. "मेरे को पैसा नहीं, मशीन होना," त्यांनी ठणकावलं. "जिसने लिया उसकी सही दिखाओ." त्या रोज यायच्या, रोज नवा माणूस फोनवर यायचा, आणि त्या रोज पहिल्यापासून तेवढ्याच जोरात सगळं सांगायच्या. शेवटी कुणीतरी कंटाळून पावतीचा फोटो पाठवला.

सहीच्या जागी नुसती रेघोटी होती. तिच्याखाली निळा गोल शिक्का, अर्धाच उमटलेला. सिस्टरांनी तो बोटांनी मोठा केला आणि एकदम माझा हात पकडला.

"भाऊ! हा तर दवाखान्याचा शिक्का! वाचा, उपकेंद्र, मंग सावंगी!"

आपल्या जिल्ह्यात सावंग्या किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुरिअरच्या कुण्या नव्या माणसाने सिस्टर, दवाखाना आणि सावंगी एवढं वाचलं आणि खोकं भलत्याच सावंगीला, तिथल्या सिस्टरला देऊन टाकलं होतं!

सिस्टरांनी जुन्या मैत्रिणींना फोन लावायला सुरुवात केली. एक निवृत्त नर्स दुसरीचा नंबर देई, दुसरी तिसरीचा. दुपारपर्यंत ती सावंगी सापडली. रफीकभाईंनी मालाची तीनचाकी काढली. सिस्टर पुढे, मागे हौद्यात सलमाभाभी, वनिता आणि मी. दुकान बायकोवर टाकून मी कसा काय निघालो, हे मला आजही सांगता येणार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या काळवंडलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि आम्ही पाचजण वरातीला निघाल्यासारखे ओरडत चाललो होतो.

उपकेंद्रात एक तरुण नर्स होती. आम्हाला बघून ती घाबरलीच. सिस्टरांनी विचारलं, "पोरी, एक मोठं खोकं आलं का तुझ्याकडं?"

"आलंय ना मॅडम. लसीचा फ्रीज आलाय. वरून आदेश आल्याशिवाय उघडायचा नाही, म्हणून ठेवलाय."

खोकं कोपऱ्यात होतं. धूळ बसू नये म्हणून तिने त्यावर धुतलेली चादर घातली होती. सिस्टरांनी चादर काढली, भिंतीकडच्या बाजूचं मशीनचं चित्र पाहिलं आणि त्या हसत सुटल्या. वनिता हसता हसता रडायला लागली. त्या पोरीला काय झालं ते कळल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. सिस्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "घाबरू नको. तू सांभाळलं म्हणून भेटलं. तुह्या जागी असती तर मीबी शिक्का मारला असता."

निघताना त्या पोरीनेच खोक्याला हात लावला. ते हौद्यात चढलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, माझ्या दोन साड्या आहेत पिकोच्या."

"देऊन टाक आताच!" सलमाभाभी ओरडल्या. मशीन खोक्यातून निघायच्या आत पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं.

त्या लग्नसराईत मशीन थांबलं नाही. भाभी पिको करायच्या, वनिता हाताने फॉल लावायची. पुढच्या वर्षी वनिताने शेळी घेतली, तीही गाभण. सासूबाई तिला चारा घालताना सिस्टरांच्या घराकडे बघत नसत, एवढंच.

नंतरच्या एका उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकून बसल्या आणि संपलं. मुलगी नागपूरहून आली. सिस्टर बौद्ध, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला पांढऱ्या साड्या नेसून जायचं असं गल्लीतल्या बायांनी आपसांत ठरवलं. बौद्ध घरांत त्या होत्याच, बाकीच्यांनी नव्या आणल्या. त्या नव्यांचे काठ पिकोविना कोरे.

आदल्या दिवशी मी सिस्टरांच्या मुलीला भेटायला गेलो. सलमाभाभींचं दार उघडं होतं. लाइट गेली होती. भाभी सुईखाली साडी धरून बसल्या होत्या आणि वनिता हाताने मशीनचं चाक फिरवत होती. दोघी बोलत नव्हत्या. पिको होऊन निघालेल्या पांढऱ्या साड्या दोरीवर एकीशेजारी एक, पार सिस्टरांच्या दारापर्यंत.