होनोराच्या आईचं नाव

ज्युलिया आत्या पत्त्यांत सर्रास लबाडी करायची, पण देवाशी बोलताना कधीच नाही. म्हणून तर मला तो हिवाळाभर ताप झाला.

आमच्या घरी रोज संध्याकाळी जपमाळ. खुर्च्या उलट फिरवायच्या, बैठकीवर कोपरं टेकायची आणि फरशीवर गुडघे. जप संपला की मेलेल्यांची नावं सुरू. ते शेपूट जपापेक्षा लांब. आत्याचे आजोबा कॉन, त्यांची बहीण मेरी, बोस्टनला गेलेली धाकटी गॉबनेट, गाईनं लाथ घातलेला टिम. सगळ्यांत शेवटी आत्याची पणजी होनोरा, "आणि होनोराची आई, जी कोण असेल ती." लहानपणी मला तिथं हमखास हसू फुटायचं आणि आत्याचा धपाटा पाठीत बसायचा.

होनोरा सहा-सात वर्षांची होती, तेव्हा शेतांतले बटाटे कुजले, दुष्काळ पडला आणि माणसं रस्त्याकडेला मेली. ही निराधारांना ठेवायच्या गरीबखान्याच्या दारात एकटी उभी सापडली. तिथल्या नोंदीत तिचं नाव आहे. आईबापांच्या जागी नुसती रेघ.

आत्यानं लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, "आला होता एक. कोंबड्यांना घाबरायचा." जन्मभर अंडी विकली, सायकल हाणली, कुणाचं ऐकलं नाही. नव्वदीला टेकली आणि धाप लागायला लागली, तेव्हा मला म्हणाली, "ब्रीडा, वर गेल्यावर त्या बाईला मी हाक कशी मारू? अगं ए म्हणू?"

"ती ओळखेल तुला. जिभेवरून."

"चहाटळपणा पुरे. शोध तिला. माझ्याकडे फार दिवस नाहीत."

दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईचं नाव कळून काय दिवे लागणार होते, देव जाणे. पण आत्यापुढे कुणाची टाप? मॅक्रूम गावच्या वाचनालयात कॉम्प्युटरवर जुन्या चर्चच्या नोंदी दिसतात, तिथं जाऊन बसू लागले. पाद्र्यांची अक्षरं म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय. होनोराच्या बाप्तिस्म्याच्या वर्षाची पानंच नाहीत. लग्नाची नोंद सापडली, तिच्यात आईबाप नाहीत. मृत्यूची सापडली, तिच्यातही नाहीत. डोळे फुटायची वेळ आली.

"संपलं, आत्या," मी चहा ओतत म्हटलं. "आता देवालाच विचार."

"तिच्या लेकींचं बघितलंस?"

"दोनच की. मेरी आणि गॉबनेट."

आमच्याकडे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव, दुसरीला बापाच्या आईचं. त्यात विचारायचं नसतं. होनोराची थोरली मेरी, आणि मेरी तर तिच्या सासूचं नाव. धाकटीचं गॉबनेट म्हणजे आमच्याकडे घरोघरी असलेलं. म्हणून घरात सगळ्यांनी धरून चाललेलं, की बिचारीला आपल्या आईचं नाव आठवतच नव्हतं.

"आणखी दोन गॉबनेट दिसल्या," मी म्हटलं, "पण त्या दुसऱ्या क्रीडनांच्या. बाप डॅन क्रीडन, आई होनोरा; आपल्या होनोराच्या नवऱ्याचंही तेच नाव, म्हणून काय झालं. आपल्या डोंगरात दगड भिरकावला तर कुठल्या तरी डॅन क्रीडनला लागतो."

आत्यानं कप खाली ठेवला. "शेत कुठलं?"

मी कागद काढला. गॉर्टफर्ना. आमचंच.

"आणि बाप्तिस्म्याला उभी राहिलेली धर्ममाता?"

"पेग टूमी." मी पुन्हा वाचलं. दोन्ही ठिकाणी पेग टूमी. आणि बोस्टनवाल्या गॉबनेटचीही पेग टूमीच. अगं बाई! मी साल बघितलं. त्या दोघी मेरीच्या आधीच्या.

"जिवंत मुलीचं नाव दुसरीला देत नाहीत," आत्या हळूच म्हणाली.

म्हणजे पहिली गॉबनेट गेली. दुसरीला तेच नाव दिलं, तीही गेली. मग मेरी. त्या बाईला सगळ्यांनी सांगितलं असणार, नाव धार्जिणं नाही, सोड. सासूनं सांगितलं असणार, पाद्र्यानं सांगितलं असणार. आणि मेरीनंतर पुन्हा मुलगी झाली तेव्हा तिनं तिसऱ्यांदा गॉबनेटच ठेवलं. सात वर्षांचं उपाशी पोर, अंगावर धड कपडा नाही, आणि आईचं नाव तेवढं घट्ट धरून आलेलं. ती विसरली नव्हती. आम्हीच तिला विसरभोळी ठरवून बसलो होतो.

"वेडे, ती तर रोज आपल्या तोंडात होती गं," आत्या म्हणाली आणि लहान मुलासारखी रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली?

त्या संध्याकाळी मी, दुखऱ्या गुडघ्यांची, कुणी न सांगता फरशीवर बसले. जप झाला. कॉन झाला, मेरी झाली, टिम झाला.

"बोस्टनची गॉबनेट," आत्या म्हणाली. "पहिली गॉबनेट. दुसरी गॉबनेट." तिला धाप लागली. मी थांबले. हे नाव तिनंच घ्यायचं होतं.

"होनोरा," ती म्हणाली, "आणि होनोराची आई, गॉबनेट."